विहीणबाई देवाशी बोलत तेव्हा

"रक्त थांबत नाही. आमचे प्रयत्न चालू आहेत, पण आत्ता काही सांगता येणार नाही," एवढं बोलून डॉक्टरीणबाई पुन्हा आत गेल्या आणि दार लागलं. आत माझी सून रेखा होती, पहिलटकरीण. बाहेर, परभणीच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात, आम्ही दोघी विहिणी उभ्या होतो. माझा मुलगा आणि व्याही रक्ताच्या पिशव्या आणायला धावले होते. अख्ख्या परभणी जिल्ह्यात देवाशी सगळ्यात मोठ्या आवाजात बोलणारी बाई म्हणजे माझ्या विहीणबाई. बसमध्ये, बाजारात, मयतीत, कुठंही त्यांचं तोंड कुणाला बंद करता आलं नव्हतं. त्या खाली फरशीवर बसल्या आणि गप्प झाल्या. डॉक्टरीणबाईंच्या बोलण्यानं मी घाबरले नव्हते, तेवढी त्यांच्या गप्प बसण्यानं घाबरले.

सोयरीक जुळली तेव्हा त्या आमच्यासारख्याच होत्या. राणीसावरगावात हापशावर त्यांचं भांडण सुरू झालं की बाया घागरी खाली ठेवून ऐकायला बसत, हे माझ्या कानावर आलं होतं. मला त्याचं काही वाटलं नाही, माझी स्वतःची जीभ काही मधात बुडवलेली नाही. व्याही दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवत आणि पीत. लग्नात ते मांडवाच्या खांबाला मिठी मारून उभे होते. मांडव पडायलाय आणि तो आपणच धरून ठेवलाय, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. पुढच्या वर्षी विहीणबाई आपल्या भावजयीबरोबर गंगाखेडला एका पत्र्याच्या शेडात प्रार्थनेला गेल्या, पुन्हा गेल्या, आणि मग एक दिवस मुद्दाम पिंगळीला माझ्या घरी आल्या. "इनबाई, आमी येशूचे झालो," म्हणाल्या. मी म्हटलं, "सोयरीक ठरवताना हे सांगितलं नव्हतं." "तवा मलाच कुठं ठाऊक हुतं," त्या म्हणाल्या, आणि चहात साखर जास्त टाका म्हणून सांगितलं.

त्या दिवसापासून त्यांच्या शिव्या बंद झाल्या. जीभ मात्र तीच राहिली. पूर्वी ज्या टोमण्याच्या शेवटी शिवी यायची, त्याच्या शेवटी आता 'आमेन' यायला लागलं. विहिणींनी एकमेकींना टोमणे मारायचेच असतात, त्याशिवाय सोयरीक पक्की होत नाही. पण आमच्या विहीणबाई मला थेट काही बोलत नसत, देवाला सांगत, आणि मी तिथंच उभी असे. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला बसल्या तेव्हा त्यांनी ताटासमोर डोळे मिटले. "बापा, ह्या अन्नाबद्दल तुझे उपकार. ज्या हातांनी रांधलं त्या हातांना आशीर्वाद दे, आन् फोडणीत तेल जरा सढळ सोडायची बुद्धी दे." माझे मालक तोंडाला उपरणं लावून खोकायला लागले. मी पळी घेऊन तशीच उभी. उत्तर माझ्या ओठावर होतं. पण प्रार्थना चालू असताना मधे बोलत नसतात, हे त्यांनी मला आधीच बजावून ठेवलं होतं. डोळे उघडेपर्यंत आमटी गार झाली आणि माझं उत्तरही.

शुभवर्तमान सांगायला त्यांना माणूस कुठलाही चाले. एकदा आम्ही दोघी गंगाखेडहून येणाऱ्या एसटीत होतो. कंडक्टर तिकीट विचारत आला तर त्यालाच म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या पापाचं तिकीट येशूनं आधीच काढलंय, ठाऊक हाय का?" तो बिचारा मान वर न करता म्हणाला, "लय चांगलं झालं, मावशी. पण तुमचं कुणी काढलंय?" सगळी बस हसली, विहीणबाई सगळ्यांत जास्त हसल्या, आणि तिकीट काढून झाल्यावर राणीसावरगाव येईपर्यंत त्याला उरलेलं सांगत राहिल्या. उतरताना त्यानं घंटी मारायच्या आधी विचारलं, "मावशी, परत कवा येणार?" येण्याची वाट बघत होता की सुट्टी टाकायचा विचार करत होता, मला कळलं नाही.

त्यांच्या गावात दोघा भावांचा बांधावरून वाद होता. धाकट्यानं खुणेचा दगड सरकवला, आणि विहीणबाईंनी ते पाहिलं. त्या कुणाकडं गेल्या नाहीत. सकाळीच त्या बांधावर जाऊन उभ्या राहिल्या आणि चारी शिवारांत ऐकू जाईल असं बोलल्या, "बापा, दगड कुणी हालवला ते तुला ठाऊक हाय. मला बी ठाऊक हाय. सांजपातुर मी कुणाला सांगणार न्हाई, तेवढा धीर मला दे." दुपारच्या आत दगड जागेवर गेला. मी म्हटलं, "ह्याला प्रार्थना म्हणतात का धमकी?" त्या म्हणाल्या, "दगडाला काय म्हणायचं ते म्हणू द्या. गेला ना जाग्यावर."

पण खरं ते खरं सांगितलं पाहिजे. व्याह्यांची दारू सुटली. मी त्यांना खांबाला मिठी मारलेलं पाहिलं होतं, आणि मीच त्यांना पुढं सकाळी अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून, दारात शेळीला पाला टाकताना पाहिलं. सुटली ती परत लागली नाही. आणि हापशावर ज्या बाईशी विहीणबाईंनी उभा जन्म भांडण केलं, तिचं एक अंग लुळं पडलं तेव्हा तिच्या सुना आळीपाळीनं माहेरी जायला लागल्या. मी एकदा राणीसावरगावला गेले तर विहीणबाई घरात नव्हत्या. त्या तिच्या न्हाणीत होत्या, तिला पाटावर बसवून न्हाऊ घालत होत्या. ती बाई तोंड वाकडं करून काहीतरी बोलत होती, बहुतेक शिव्याच. विहीणबाई मला म्हणाल्या, "पयलं मी हिला तोंडानं धुवायचे, इनबाई. आता हातानं धुते." हे त्या मोठ्यांदा बोलल्या नाहीत.

मला बदलायचं मात्र त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. मी सांगितलं, "मी आहे तशी बरी आहे, माझे देव मला पुरतात." त्यावर त्या म्हणाल्या, "तुमी बऱ्या हाव, म्हणूनच लय अवघड हाव. दारुड्याला सांगणं सोपं असतं. आपण बिघडलोय हे त्याला ठाऊक असतं. चांगल्या माणसाला काय सांगावं?" अशा त्या विहीणबाई. त्या जाऊनही आता बरेच दिवस झाले. असं बोलणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

तर त्या दिवशी व्हरांड्यात त्या गप्प बसल्या. मी त्यांच्याजवळ खाली बसले आणि म्हटलं, "बोला की."

"काय बोलू?"

"रोज बोलता तेच."

"दुसऱ्याच्या लेकरासाठी मागता येतं, इनबाई. माझी जीभच उचलंना. तुमी म्हणा."

"मला येत नाही. मी तुमच्यातली नाही."

"येत न्हाई तर तसंच म्हणा."

मी डोळे मिटले नाहीत, दाराकडं बघत राहिले. म्हटलं, "हे बघ बापा. मी हिची विहीण, पिंगळीची. ही बाई तुझ्यासाठी गावोगाव घसा फोडती. आज तिचा आवाज बसलाय, तर आज तू ऐकायचं. आत रेखा हाय. कामाला हळू हाय, मीठ जास्त टाकती, पण ती मला पाहिजे. तिला माघारी दे." पुढं काय म्हणायचं ते आठवेना. विहीणबाईंनी हळूच 'आमेन' म्हटलं. मग पदरानं नाक पुसून म्हणाल्या, "मिठाचं सांगायची काय गरज हुती?"

"प्रार्थनेत मधे बोलत नसतात," मी म्हटलं. तोवर माझा मुलगा आणि व्याही पिशव्या घेऊन धापा टाकत आले, आणि दार पुन्हा उघडून पुन्हा लागलं.

ऊन व्हरांड्यातून पलीकडच्या भिंतीवर सरकलं तेव्हा डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मुलगी झाली होती. ती राहिली नाही. नर्सनं पांढऱ्या कापडात गुंडाळून आणली आणि कुणाकडं द्यावी म्हणून बघत राहिली. विहीणबाईंनी हात पुढं केले.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी लेकराचं म्हटलंच नाही. नुसतं रेखाचं म्हटलं."

विहीणबाई म्हणाल्या, "तुमच्या म्हणण्यावर असतं इनबाई, तर माझी जीभ कवाच झडून गेली असती." आणि पोरीच्या कपाळावरचं कापड बोटानं बाजूला करून तिच्याशी, नाहीतर देवाशी, फार हळू बोलल्या. इतक्या हळू की शेजारी बसून मला एक शब्द ऐकू आला नाही. मी विचारलंही नाही, आणि त्यांनीही पुढं कधी सांगितलं नाही.

रेखा वाचली.