चार्जिंगच्या कटरची भावकी

माझ्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी दुखायला लागलं तेव्हा आमच्या मालकांनी पहिला सल्ला दिला तो हा, की मोबाईल कमी बघ. मोबाईल मी डाव्या हातानं बघते आणि उजव्या हातानं सगळ्या गल्लीची ब्लाऊजं कापते, हे एवढ्या संसारात त्यांच्या लक्षात आलेलं नव्हतं. सांगलीच्या डॉक्टरांना मात्र लगेच कळलं. त्यांनी अंगठा इकडं तिकडं वळवला, मी कळवळले, आणि ते म्हणाले, मशीन मोटरवर चालतंय ना, ते चालवा, पण कात्री बंद. भाकरीचं काय, असं मी आशेनं विचारलं. भाकऱ्या थापायला हरकत नाही म्हणाले.

शिवणं राहिलं आणि नुसतं कापणं गेलं, त्यात एवढं काय, असं ज्याला वाटतं त्यानं कधी ब्लाऊज घातलेलं नाही. शिवतं कुणीही. ब्लाऊज होतं ते बेतताना. दुसऱ्याकडनं कापून आणायचं आणि मी टिपा मारत बसायचं, तर मग मी टेलर कसली? शिवाय कापून देणार कोण? पलूसात नवीन दुकान झालं होतं, तिथली पोरगी गळा किती खोल ठेवायचा एवढं एकच विचारते. आमच्या गल्लीतल्या बायका एकेक करून तिकडं जायला लागल्या. माझ्या दारावरनं जाताना कापडाची पिशवी पदराखाली घ्यायच्या, जसं काही मी आंधळीच आहे. मला लय वाईट वाटायचं. रागही यायचा, आणि तो सगळा मालकांवर निघायचा, कारण घरात दुसरं कोण होतं?

एकच बाई थांबली, समोरच्या घरातली. तिच्या भाच्याचं लग्न होतं. साडी आली, ब्लाऊजपीस आला, आणि ती तो माझ्या मशीनवर ठेवून म्हणाली की हात बरा झाला की बघा, मला दुसऱ्या कुणाचं अंगाला बसत नाही. लग्न तोंडावर आणि हात असा. मी तो पीस रोज उचलायची, घडी मोडायची आणि परत घालून ठेवायची.

पुण्याच्या लेकीला मी फोनवर हे रडगाणं सांगितलं. चार दिवसांत कुरिअरनं खोकं आलं. आत हातात मावणारं, चार्जिंगवर चालणारं कटर. पुढं गोल पातं, बटण दाबलं की गरागरा फिरतं. कापड, पुठ्ठा, रेक्झिन, सगळं कापतं असं खोक्यावरच्या चित्रात दाखवलं होतं. चित्रातली बाई कापताना हसत होती. मी हात पुढं केला, तोवर मालकांनी ते उचललं होतं.

आमचे मालक फौजेतनं रिटायर झालेले. फौजेत म्हणे कुठलीही वस्तू ट्रायल झाल्याशिवाय जवानाच्या हातात देत नाहीत. मी म्हणलं, मी जवान नाही, मला ब्लाऊज कापायचंय. त्यांनी तिकडं लक्षच दिलं नाही, कारण त्यांचं खोक्याचेच चार तुकडे करणं चाललं होतं. मग टीव्हीचं खोकं कापलं, मग पोटमाळ्यावरची सगळी खोकी कापली. दारातलं पायपुसणं मधोमध कापून म्हणाले, आता दोन झाली.

आवाज ऐकून भाऊजी आले. भाऊजी म्हणजे मालकांचे धाकटे भाऊ, भिंतीला भिंत लागून घर. वाटण्या झाल्यापासनं या दोघांचं असं आहे, की एकाच्या घरात जे आलं ते दुसऱ्याच्या घरात आलंच पाहिजे, आणि जरा वरचढच आलं पाहिजे. आम्ही घराला पिस्ता रंग दिला तर त्यांनी पोपटी दिला. भाऊजींनी कटर हातात घेऊन उलटंपालटं केलं, लय हलकं हाय म्हणाले, आणि त्याच आठवड्यात सांगलीला जाऊन दुसरं घेऊन आले. त्याला गोल पातं नव्हतं, पुढं पोपटाच्या चोचीसारखं तोंड होतं आणि ते कचाकचा चावत जायचं. माझ्या जावेनं हळूच मला विचारलं की हे कशाला लागतं. तुझ्या थोरल्या दिराला विचार, म्हणलं.

मग आमच्या अंगणात कटरची भावकी सुरू झाली. सकाळी चहा झाला की दोघे समोरासमोर बसायचे, मधी गल्लीतली रिकामी माणसं. पुठ्ठ्यावर गोल पातं सरस. रेक्झिनवरही तेच, त्यासाठी आमच्या मोटरसायकलचं जुनं सीट कामी आलं. खताच्या पोत्यावर मात्र प्लास्टिकचे धागे गोल पात्याला गुंडाळले गेले आणि ते घुर्र करून बंद पडलं. भाऊजी एवढे खूश झाले की त्यांनी जावेची जोंधळ्याची नवी कोरी पोती आणून कापून दाखवली. जाऊ चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही. ताडपत्रीवर चोचीनं बाजी मारली. चटईवर बरोबरी झाली. मी एकदा मधी म्हणून बघितलं, आवं, कापडावर लावा की एकदा. त्यावर दोघा भावांचं पहिल्यांदा एकमत झालं. कापड काय, लोणी हाय, कापड कुणीबी कापतंय. आणि माझ्या हाती कटर कधी आलंच, तर चार्जिंग संपलेलं असायचं.

घरात कापण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा दोघे रानात गेले. मी डबा घेऊन मागनं गेले होते, त्यामुळं पुढचं डोळ्यानं बघितलंय. आमच्या आणि भाऊजींच्या उसाच्या मधी एकच बांध, दोन्हीकडच्या ठिबकच्या नळ्या त्याला लागून. भाऊजींनी जुन्या नळीचा तुकडा चोचीत धरला आणि कच्चकन तोडला. मालक म्हणाले, ह्यात काय, आमचं बी तोडतंय, आणि बांधावरची एक नळी जुनी समजून त्यांनी उचलली. ती भाऊजींची चालू नळी होती. पाण्याचा फवारा थेट मालकांच्या तोंडावर. मिशीवरनं पाणी गळतंय, चष्मा धुऊन निघालाय, आणि हा माणूस चुकलो म्हणायचं सोडून म्हणतो काय, की काप बघ कसा साफ आलाय. मला हसू आवरेना. भाऊजींनी सरळ बांध ओलांडला आणि आमची एक नळी तोडली. नमुना, म्हणाले.

त्या दिवसापासनं बोलणं बंद. नळ्यांना जोड बसले, माणसांना बसेनात. संध्याकाळी भाऊजी आमच्या ओसरीवर त्यांचं कटर ठेवून गेले. तुमच्यामुळंच घेतलं हुतं, मला म्हणाले, आमच्या घरात त्याला काम न्हाई. मालकांनीही आपलं कटर कपाटावर टाकलं आणि टीव्ही लावून बसले.

म्हणजे शेवटी दोन्ही माझ्या ताब्यात आली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दोन्ही चार्ज केली, जुनी चादर जमिनीवर अंथरली, खडूनं मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईचा, आकार काढला आणि गोल पात्याचं कटर हातात घेतलं. चालू करायचं तर वरचं एक बटण अंगठ्यानं दाबून धरायचं आणि मग खालचं बोटानं ओढायचं. आपोआप सुरू होऊन कुणाचं बोट तुटू नये म्हणून ती सोय. मी दाबलं आणि कळ कोपरापर्यंत गेली. पुन्हा दाबलं. डाव्या हातानं धरून बघितलं, तर बटण भलत्याच बाजूला. डाव्या हातानं बटण आणि उजव्यानं मूठ असं केलं, तर कापडावर ठेवायला हात उरेना, आणि हात नसला की कापड सरकणारच. चोचीचं बटण तर आणखी कडक. पुठ्ठा बघितला, रेक्झिन बघितलं, पोतं बघितलं, ताडपत्री बघितली, पण ज्या अंगठ्यापायी हे सगळं आलं तो अंगठा या दोघा भावांपैकी एकानंही बघितला नव्हता.

तुझा मुडदा बशिवला, असं मी त्या कटरला म्हणलं आणि चादरीवर बसून रडले. कटरसाठी कोण रडतंय? आता आपलं बेतणं संपलं, हे मला त्या क्षणी खरं वाटलं, म्हणून रडले.

मालक चहा झाला का बघायला आले होते. आधी म्हणाले, चार्जिंग हाय का बघ. मी नुसता अंगठा पुढं केला. सुजून लाल झाला होता. त्यांनी कटर उचललं, आपल्या अंगठ्यानं बटण दाबून बघितलं, सोडलं, परत दाबलं. माझ्या अंगठ्याकडं बघितलं. मग चादरीवर मांडी घालून बसले.

"मी दाबतो," ते म्हणाले. "तू सांग."

सांगणं सोपं होतं, ऐकणं त्यांना जमत नव्हतं. सरळ रेघेत परेडसारखे गेले, पण वळणावर आडवेच घुसले. आवं, मुंढा हाय तो, बांध न्हवं, मी ओरडले. चादर गेली, मग जुनी साडी गेली, मग त्यांचा एक लेंगाही गेला. शेवटी मी माझा हात त्यांच्या मनगटावर ठेवला, अंगठा मोकळा सोडून, आणि मनगटच वळवायला लागले. लग्नात भटजींनी सांगितलं म्हणून धरला होता, त्यानंतर हा हात असा धरल्याचं मला तरी आठवत नाही. त्यांनाही अवघडल्यासारखं झालं असावं, कारण त्यांनी दार लोटून घ्यायला सांगितलं.

मग मी समोरचीचा पीस काढला. तिनं आयुष्यभर उजव्या खांद्यावर वैरणीचे भारे वाहिलेत, तिचा उजवा खांदा उतरलेला आहे. मापाच्या ब्लाऊजात ते दिसत नाही, बाईकडं बघावं लागतं. उजवा खांदा मी तेवढा खाली घेतला, मुंढा थोडा आत वळवला. मालकांनी श्वास धरला होता. पातं खडूच्या रेघेवरनं गेलं आणि तुकडा सुटून आला. मी त्याच्या कडेवरनं बोट फिरवलं. कुठं दात नाही, कुठं ओढ नाही.

"बरोबर आलं का गं?" त्यांनी विचारलं.

या माणसानं मला आजवर कशातही हे विचारलं नव्हतं. बरोबर आलं होतं. तरी मी आणखी एकदा बोट फिरवून बघितलं, तेवढंच त्यांना थांबावं लागलं.

ब्लाऊज घालून बघायला समोरची आली तेव्हा मालक ओसरीवरच बसले होते. ती आतल्या खोलीतनं बाहेर आली, दोन्ही हात दोरीवर कपडे वाळत घालावेत तसे वर केले, खाली घेतले, परत वर केले. बगलेत ओढ नव्हती, खांदा बसला होता. ती माझ्याकडं बघून म्हणाली, तुमीच बेतलंय, कळतंय.

मी मालकांकडं बघितलं. हा माणूस गल्लीतला दिवा लागला तरी मी सांगितल्यामुळं लागला म्हणतो. आता ट्रायलपासनं सगळी कथा सुरू होणार, मी मनाची तयारी केली.

"तिनंच बेतलं," मालक म्हणाले. "मी नुसतं बटण दाबलं."

मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले, आणि डोळे पुसून रिकाम्या हातानं बाहेर आले.