खडूचा सोफा

“आधी राहून बघा.”

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या बाई कुणाच्याही घरी सजावटीच्या कामाला गेल्या की पहिलं वाक्य हेच बोलायच्या. घरमालक गोंधळायचा. तो त्या घरात सात-आठ वर्षं राहतच असायचा. बाई मग पर्समधून खडू काढायच्या, पदर खोचायच्या आणि त्याच्या हॉलच्या फरशीवर सोफा काढायच्या.

सोफा म्हणजे चित्र नव्हे. नुसता चौकोन, पण खऱ्या मापाचा. मग टीव्हीचं कपाट, जेवणाचं टेबल, आणि खुर्ची मागे ओढली तर लागणारी जागा. जुनं सामान एका खोलीत रचून घरच्यांनी आठ दिवस या रेघांना फर्निचर समजून राहायचं. रेघेवर पाय द्यायचा नाही. सोफ्यातून चालत जायचं नाही, वळसा घालायचा. तुम्ही एकदा करून पाहा. आपण स्वतःच्याच वाटेत काय काय आणून ठेवणार होतो, ते तिसऱ्या दिवशी कळतं.

बाईंचे यजमान लष्करात होते. त्यांच्याबरोबर बाई एकोणीस सरकारी क्वार्टर्समध्ये राहिल्या. फर्निचरही सरकारी, प्रत्येक खुर्चीच्या पायावर रंगवलेला नंबर. बदली झाली की ट्रक मागून यायचा, बाई आधी पोचायच्या आणि रिकाम्या खोलीत खडूने पलंग आखून ठेवायच्या. यजमान गेल्यावर त्यांनी दिल्लीच्या द्वारका भागातला हा फ्लॅट स्वतःचा म्हणून घेतला, सजावटीचा एक कोर्स केला आणि काम सुरू केलं. दिल्लीतल्या मराठी मंडळात तेव्हा दर तिसरं कुटुंब फ्लॅट घेत होतं. कामाला तोटा नव्हता.

मोबाइलवर फोटो पाहून प्रत्येक जण एक स्टाइल ठरवून आलेला असायचा. आमच्या वरच्या मजल्यावरच्या एका इंजिनिअरला इंडस्ट्रियल स्टाइल हवी होती. उघड्या विटा, उघडे पाइप, लोखंडी दिवे.

“नोकरी कुठे?” बाईंनी विचारलं.

“मानेसरला. गाड्यांच्या पार्ट्सचा प्लांट आहे.”

“म्हणजे आठवड्याचे सहा दिवस तुम्ही पाइपांखालीच असता. रविवारीही तिथेच राहायचंय?”

त्याच्या बायकोने त्याचं पुढचं ऐकूनच घेतलं नाही. त्या घरात शेवटी लाकडी झोपाळा आला.

एकीला स्कँडिनेव्हियन हवं होतं. सगळं पांढरं, सोफाही पांढरा. बाई म्हणाल्या, “तिकडे सहा महिने धड ऊन नसतं, म्हणून बिचारे पांढरं वापरतात. आपल्याकडे ऊन भरपूर आहे, वर धूळ आहे. मे महिन्यातली एक आंधी येऊन गेली की तुमची स्टाइल राजस्थानी होईल.”

कँटोन्मेंटमधल्या एका सुभेदारांच्या सुनेला मिनिमलिस्ट, म्हणजे कमीत कमी सामानाचं घर हवं होतं आणि सासऱ्यांच्या बावीस काळ्या ट्रंका होत्या. सून म्हणे, ट्रंका विका. सुभेदार म्हणे, सून… असो. बाईंनी ट्रंका भिंतीला लावल्या, वर गाद्या घातल्या आणि बसायची जागा केली. सुभेदारांचं नाव, नंबर, युनिट, सगळं पांढऱ्या रंगात दर्शनी बाजूला. “मिनिमलच आहे,” त्या सुनेला म्हणाल्या. “दुसरं काही ठेवायला जागाच उरली नाही.”

आणि बाईंच्या स्वतःच्या घराची स्टाइल? त्यांच्या हॉलमध्ये सोफा होता तो खडूचा. तिघांचा, खिडकीशी. दहा वर्षं. कामवालीला त्याच्या कडेने पोछा मारायला शिकवलं होतं. रेघ पुसट झाली की बाई पुन्हा गिरवायच्या, कधी चार बोटं इकडे सरकवून. पाहुणा आला की चौकोनात सतरंजी अंथरून म्हणायच्या, “या, सोफ्यावर बसा.”

“बाई, आता घेऊन टाका की खरा,” मी एकदा म्हणालो.

“साहेब, आयुष्यात पहिल्यांदा सोफा मी निवडतेय. घाई कशाला?”

आता मूळ मुद्दा. मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात छत्तीस वर्षं नोकरी केली. इतरांच्या चुकांची शुद्धिपत्रकं काढणं हा त्यातला मोठा भाग होता. हे शुद्धिपत्रक माझ्या चुकीचं आहे आणि त्याला आठ वर्षं उशीर झाला आहे.

नोकरीत असताना मी फायली घेऊन एका मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर जायचो. त्यांच्याकडे हॉलपेक्षा जेवणाची खोली एक पायरी उंच होती. साहेब वर नाश्ता करत. मी खाली उभा राहून फाइल पुढे करी. इतक्या वर्षांत त्या पायरीवर मी पाय ठेवला नाही. कुणी मनाई केली नव्हती. कुणी या म्हटलंही नव्हतं.

निवृत्तीनंतर आमच्या घराचं काम काढलं, तेव्हा बाईंनी विचारलं, “साहेब, तुमची काय स्टाइल?”

“जेवणाची जागा एक पायरी वर हवी,” मी म्हणालो.

बाईंनी ‘का?’ असं विचारलं नाही. त्यांनी पायरी आखली. पुढचे दोन दिवस सकाळी येऊन त्या कोपऱ्यात स्टुलावर चहा घेत बसल्या आणि आम्हाला चालताना पाहत राहिल्या. आमच्या हिचे गुडघे तेव्हाही दुखायचे. ही पोळ्यांचा डबा घेऊन जाई, वरणाचं पातेलं घेऊन जाई, आणि बाई भिंतीकडेला खडूच्या छोट्या रेघा ओढत. मी मात्र दर वेळी पाय नीट उचलत होतो. पायरी नव्हती तरी मला ती चढायला आवडत होती.

दुसऱ्या दिवशी बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “ताई सतरा वेळा गेल्या. अकरा वेळा पाय उचलला नाही. पायरी नको.”

“सवय होईल तिला.”

“रेघेवर सवय झाली नाही, ती सिमेंटवर कशी होईल? नको, साहेब.”

आणि त्यांनी स्वतः ओल्या फडक्याने ती रेघ पुसली.

बाकी घर त्यांनी सुंदर करून दिलं. मापून दोन खिडक्यांचा उजेड हिच्या शिवणाच्या मशीनवर आणला. बाथरूममध्ये धरायला दांडे लावले. मी म्हणालो, हॉस्पिटल वाटतं. त्या म्हणाल्या, वाटू द्या.

त्यांचं काम संपल्यावर पंधरा दिवसांनी ही बहिणीकडे पुण्याला गेली. टाइल बसवणारा मिस्त्री खालच्या मजल्यावर होताच. मी त्याला वर बोलावलं आणि पायरी बांधून घेतली. पांढरी चकचकीत, खालच्या फरशीसारखीच, म्हणजे ती कुठे सुरू होते तेही दिसू नये.

ही परत आली. दारातच थांबली.

“अहो, बाई तर नको म्हणत होत्या ना?”

“नंतर हो म्हणाल्या,” मी सांगितलं.

मी ते अगदी सहज बोललो. कार्यालयात ‘तोंडी संमती मिळाली’ असं लिहायची सवय होती.

पाचव्या आठवड्यात ही पडली. हातात कढीचं पातेलं होतं. खुबा मोडला, ऑपरेशन झालं. हॉस्पिटलमध्ये मंडळाच्या बायका भेटायला आल्या.

“घरात पायरी? कुणी सुचवली हो?” एकीने विचारलं.

हिने माझ्याकडे पाहिलं. तिला खरंच वाटत होतं की बाई हो म्हणाल्या होत्या.

“बाईंचं डिझाइन,” मी म्हणालो.

दोनच शब्द. ते द्वारकेतून नोएडापर्यंत माझ्याआधी पोचले. ठरलेली दोन कामं बाईंच्या हातून गेली. मग कुणी बोलवेनासं झालं. मंडळात त्यांना एक नावही पडलं, पायरीवाल्या बाई.

हिला घरी आणायच्या आदल्या दिवशी बेल वाजली. बाई होत्या. एका हातात खडू, दुसऱ्या हातात कुणाकडून तरी मागून आणलेला वॉकर.

“पायरीचं कळलं,” त्या म्हणाल्या.

त्यांच्या कानावर किती आलं होतं, हे विचारायची गरज नव्हती. त्यांचा चेहराच सांगत होता की सगळं आलं होतं.

“ती आजच फोडून घ्या. ताई यायच्या आत.”

मग त्यांनी वॉकर फरशीवर ठेवून पलंगापासून बाथरूमपर्यंतची वाट आखली. वळणावर वॉकर अडला, तर मला कपाट ढकलायला लावलं. मी ढकललं. जाताना म्हणाल्या, “रेघेच्या आत काही ठेवू नका. वर्तमानपत्रसुद्धा नाही.”

पायरी दुपारपर्यंत फुटली.

त्यानंतर लिफ्टमध्ये भेट व्हायची. बाई दर वेळी विचारायच्या, “ताई, पाय कसा आहे?” ही म्हणायची, “आहे,” आणि मजल्यांचे आकडे पाहत राहायची. बाई एका वाक्यात स्वतःला सोडवू शकल्या असत्या. मी त्यांच्या दोघींच्या मध्ये उभा असायचो. आमची लिफ्ट फार सावकाश चालते.

तीन वर्षांमागे बाईंनी दिल्ली सोडली. भावाकडे नाशिकला चालले म्हणाल्या, इथे आता काम नाही. किल्ली माझ्या हातात ठेवली. “असू द्या तुमच्याकडे. फक्त फरशी पुसू नका कुणी. सोफा अजून ठरला नाही.”

त्यांचा नंबर माझ्याकडे होता. दर दिवाळीला मी त्यांना पणतीचं चित्र पाठवत असे. त्याखाली लिहायचं ते कधी लिहिलं नाही.

गेल्या महिन्यात मंडळाच्या ग्रुपवर बातमी आली की बाई गेल्या. खाली कुणीतरी विचारलं, कोण? दुसऱ्याने लिहिलं, “त्या नाही का, पायरीवाल्या बाई.” मग ओळीने हात जोडलेले.

ही स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. तिने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणाली, “शेवटपर्यंत मी त्यांच्याशी धड बोलले नाही. वाईट वाटतं. पण त्यांनीही हो म्हणायला नको होतं.”

“त्या हो म्हणाल्या नव्हत्या,” मी म्हणालो.

तिने मेथीची एक काडी मोडली. दुसरी मोडली. 

“कधीच?”

“कधीच.”

“मग मला लिफ्टमध्ये…” ती थांबली. मग फोन माझ्याकडे सरकवला. “मला एकटीला सांगून काय उपयोग? लिहा इथे.”

मी लिहिलं. पायरी माझी होती, बाईंनी दोनदा नको म्हटलं होतं, मी खोटं बोललो. पाच अंगठे आले. एकाने लिहिलं, “जाऊ द्या काका, जुनी गोष्ट.” त्यानंतर कुणीतरी सुप्रभात म्हणालं आणि माझा मजकूर वर सरकून दिसेनासा झाला. म्हणून हे लांबलचक लिहितो आहे. मंडळातल्या कुणाच्या तोंडी ते नाव आलं, तर कृपया पायरीवाले काका म्हणावं.

परवा बाईंच्या भावाने फ्लॅट विकायला काढला. एजंट फोटो काढायला आला, मी किल्ली घेऊन गेलो. माझ्यामागून वॉकरचा आवाज आला. ही कधी त्या घरात गेली नव्हती, पडल्यापासून तरी नाही.

आत धूळ होती आणि धुळीखाली रेघ. एजंट सोफ्यातून सरळ चालत खिडकीपर्यंत गेला. ही थांबली, वॉकर वळवला आणि वळसा घालून गेली. मग त्याला म्हणाली, “भैया, वो कुर्सी देना ज़रा.”

त्याने प्लास्टिकची खुर्ची रेघेबाहेर ठेवली.

“यहाँ नहीं. अंदर. सोफ़े पे.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. खुर्ची चौकोनात गेली. ही सावकाश बसली, पदर सारखा केला.

“माताजी, फ़्लैट लेना है क्या?” एजंटने विचारलं.

“नहीं,” ही म्हणाली. “मिलने आए हैं।”

मी वळसा घालून खिडकीशी जाऊन उभा राहिलो. सोफा तिघांचा होता. मला कुणी बसा म्हटलं नाही.