नीट करून दिलेला जबाब

समजा, तुमच्यापुढे एक वाक्य ठेवलंय आणि ते शुद्ध करून पुन्हा लिहायचं आहे. ‘बटण मी दाबलं असेल, म्हणजे दाबलंच, रोज दाबतोच की, मग त्याने हात घातला.’ काय कराल? पाल्हाळ छाटाल, क्रम लावाल. हाताला सवय असली तर विचारही करावा लागणार नाही.

तिच्या हाताला ती सवय होती. शाळेची सरावपुस्तकं छापणाऱ्या छापखान्यात वाक्यं तपासून दुरुस्त करणं हेच तिचं काम. घरी आल्यावरही जीभ गप्प बसायची नाही. जेवताना कुणी काही बोललं की ही घास हातात धरूनच वाक्य सरळ करून द्यायची. थोरल्या भावाने तिचं नावच ‘लाल शाई’ ठेवलं होतं.

“जरा जपून बोल, लाल शाई पानावर बसलीय,” तो बायकोला डोळा मारत म्हणायचा. त्याची स्वतःची गाडी मात्र अशी भरकटायची की बाजारात निघालेली गोष्ट दवाखान्यात जाऊन संपायची.

दादा पत्रे कापणाऱ्या कारखान्यात यंत्रावर होता. पत्रा अडकला की त्याने लाल बटण दाबून यंत्र थांबवायचं आणि मगच समोरच्या जोडीदाराने हात घालून पत्रा सोडवायचा, अशी तिथली रीत. एका सकाळी जोडीदाराचा हात आत असतानाच पातं खाली आलं. बोटं गेली. चौकशी बसली. दादाकडे लेखी जबाब मागितला, आणि त्याची नोकरी त्या जबाबावर टांगली गेली.

“तूच लिही बाई,” दादा तिला म्हणाला. “माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि बोलण्याला ना शेंडा ना बुडखा.”

तो सांगत गेला, ती उतरवत गेली. मग तिने नेहमीसारखी काटछाट सुरू केली.

“इतके ‘असेल’ नि ‘बहुतेक’ कशाला रे? साहेब म्हणतील, याला काही आठवतच नाही.”

“तुला कळतं त्यातलं. कर नीट.”

तिने लिहिलं : ‘पत्रा अडकताच मी लाल बटण दाबले. त्यानंतर जोडीदाराने हात आत घातला.’ दादाने खाली सही ठोकली. वहिनीने वाचून पाहिलं. “अगंबाई, हे तर दुसऱ्याच कुणीतरी सांगितल्यासारखं वाटतंय!” तिला ते कौतुक वाटलं.

चौकशीत साहेबांनी कागद बाजूला सारला आणि ते म्हणाले, “आता तोंडी सांगा.” दादा बहिणीची वाक्यं आठवायला गेला आणि दुसऱ्याच वाक्यावर अडला. मग आपल्या चालीने सांगू लागला, तर ‘असेल’ परत आलं.

“कागदावर ‘दाबले’ आणि तोंडात ‘असेल’? कुणी पढवून पाठवलंय तुम्हाला?”

हाताला पट्टी बांधलेला जोडीदार समोरच होता. त्याने नुसती मान फिरवली. निकाल लागेपर्यंत दादाला घरी बसवलं.

आता तिला कुणी लाल शाई म्हणत नाही. दादा काही मागायला तोंड उघडतो, तिच्याकडे बघतो, मनातल्या मनात शब्द लावतो आणि म्हणतो, “मला पाणी दे.” संपलं.

“अरे, मोकळं बोल ना,” ती परवा कळवळून म्हणाली.

“बोलतोय की. चूक नको व्हायला.”

वहिनी पानातला भात चिवडत राहिली.

छापखान्यात वाक्य समोर आलं की हल्ली तिचं पेन थबकतं. जबाब सांगताना ‘असेल’ म्हणाला की दादा स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होता, हे तिला आता आठवतं. तो पाल्हाळ लावत नव्हता. काहीतरी शोधत होता. हातात पेन होतं म्हणून तिने त्याला ते शोधूच दिलं नाही.

काल ती त्याच्या शेजारी जाऊन बसली.

“दादा.”

“हं?”

“काही नाही.”

विचारायचं होतं ते एवढंच : त्या सकाळी तू बटण खरंच दाबलं होतंस का रे?