निघताना बंद केलेला गॅस

हिवाळ्यात मोटरहोम, म्हणजे आमचं चाकांवरचं घर, घेऊन बाहेर पडायचं तर मी दोन याद्या करत असे. एक सामानाची, तिच्यात सांगण्यासारखं काही नाही. दुसरी पाण्याची. निघण्यापूर्वी घरीच टाकी भरून घ्यायची, कारण थंडीत मुक्कामाच्या जागेवर, कॅम्पग्राउंडवर, वीज तेवढी देतात, नळ बंद करून टाकतात. सांडपाण्याच्या टाक्या गाडीच्या पोटाखाली उघड्यावर असतात. त्यांत अँटिफ्रीझ ओतायचं, हे न गोठणारं गुलाबी द्रव असतं. सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवायची, म्हणजे आतली ऊब पाइपांपर्यंत पोचते. पंप बाहेरच्या बाजूच्या कप्प्यात असतो, तिथे उबेसाठी साठ वॅटचा बल्ब सतत जळता ठेवायचा. आणि गाडी गरम ठेवणारी, गॅसवर चालणारी फरनेस कधीही बंद करायची नाही, आपण गाडीत असू किंवा नसू. कडाक्याच्या थंडीत पाइप गोठायला काही तास पुरतात.

दोन हजार चार सालच्या डिसेंबरात आम्ही चौघं निघालो. मी, नवरा, आमची नववीतली मुलगी आणि सासूबाई. ओहायोतल्या डब्लिनमधल्या आमच्या घरापासून जिथे जायचं होतं ते जंगलातलं सरकारी उद्यान फार लांब नव्हतं. तिथला धबधबा हिवाळ्यात वरपासून खालपर्यंत गोठतो, तो आईला दाखवायचा, असं नवऱ्याने जाहीर केलं होतं. खरं कारण वेगळं होतं आणि ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

सासरे जाऊन दीड वर्ष झालं होतं. सासूबाई अमरावतीला एकट्या राहत होत्या. त्याच वर्षी नवऱ्याला अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं होतं, आणि त्याच्या बाजूने ते मिळवण्याचा उद्देश एकच होता: आईला कायमचं इथे आणायचं. सप्टेंबरात त्या सहा महिन्यांसाठी आल्या. ग्रीन कार्डाचे कागद तयार होते, त्यांची सही तेवढी बाकी होती. त्या दर वेळी म्हणायच्या, "पाहू." ऑक्टोबरात पाहू, नोव्हेंबरात पाहू. बर्फ पडायला लागल्यावर त्या खिडकीपाशी बसून राहू लागल्या. नवऱ्याने ठरवून टाकलं की अडचण थंडीची आहे. थंडीतही मजेत राहता येतं हे एकदा पटलं की आई सही करेल.

"इतक्या थंडीत घर सोडून डब्यात राहायला जायचं?" सासूबाईंनी विचारलं होतं.

"आई, डबा नाही गं. आत बेड आहे, बाथरूम आहे, गरम पाणी आहे."

"हे सगळं घरी पण आहे ना रे बाबू."

मुलगी हसून म्हणाली, "आज्जी हॅज अ पॉइंट."

पहिला दिवस छान गेला. सासूबाईंनी गाडीतल्या चुलीवर पिठलं केलं, कारण ती ओळखीची गॅसची चूल होती आणि त्यांनी ती आल्याआल्या ताब्यात घेतली होती. आमच्या घरी तसं होत नसे. घरी काचेची विजेची शेगडी होती. तिच्यावर त्यांनी एकदा तवा आपटला होता, तेव्हापासून स्वयंपाक मीच करत होते. थर्मोस्टॅटला हात लावला तर घर तापतं नाहीतर गारठतं, गॅरेजचं बटण दाबलं तर दार अर्ध्यात अडकतं, डिशवॉशरमध्ये साधा साबण घातला तर फेस स्वयंपाकघरभर होतो. हे सगळं एकेकदा झालं होतं. कोणी रागावलं नव्हतं. "आई, राहू दे, मी करतो," एवढंच नवरा म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही धबधब्याकडे निघालो. थंडी इतकी होती की नाकातल्या श्वासाचाही चटका बसत होता. सगळे थोडं पुढे गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "थांबा, माझा स्कार्फ राहिला," आणि परत गेल्या. थोडा वेळ लागला. मला वाटलं, बाथरूमला गेल्या असतील.

धबधबा त्यांना आवडला. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. "वाहता वाहताच थांबलं की हो," असं शेवटी म्हणाल्या. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काम फत्ते झाल्याचं समाधान होतं. नंतर आम्ही जवळच्या एका गुहेपर्यंत चालत गेलो, गावातल्या एका लहानशा हॉटेलात सूप प्यायलो, आणि दुपार कलताना परतलो.

गाडीचं दार उघडलं तेव्हाच मला कळलं. आत आमच्या श्वासांची वाफ दिसत होती. फरनेस मुकाट होती. मी नळ उघडला. पंप नुसता घुरघुरला, पाणी आलं नाही. सिंकखालची दारं नीट लावलेली होती. बल्बची वायर जिथे लावली होती तिथलं बटण बंद होतं. मी बाहेर येऊन गॅसच्या टाकीचा कप्पा उघडला. कॉक बंद होता, अगदी घट्ट पिळून.

"गॅस कोणी बंद केला?" मी विचारलं.

"मी केला," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा होता, किंचित समाधानी. "काल याने उघडताना पाहिलं होतं. घरात कोणी नसताना गॅस उघडा ठेवून जातात का? आणि त्या खणात दिवा जळत होता, तो पण बंद केला. दिवसाढवळ्या, डब्याच्या आत, कोणासाठी जळत होता काय माहीत."

मला त्यांचा राग आला नाही. माझी आईदेखील हेच करायची. बाहेर पडताना सिलिंडरचं बटण फिरवायचं, दिवे-पंखे पाहायचे, मोरीचा नळ पाहायचा, मग कुलूप आणि कुलूप दोनदा ओढून बघायचं. आमच्याकडे कोणत्याही बाईला हे शिकवावं लागत नाही. हिवाळ्यातल्या या गाडीत मात्र सगळं उलटं होतं, आणि ते त्यांना सांगायला हवं हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पण नवरा चिडला. सगळी सहल डोळ्यांसमोर फुकट चाललेली दिसत असताना माणूस चिडतो तसा चिडला.

"आई, तू कशाला हात लावतेस पण? प्रत्येक गोष्टीला हात लावायलाच पाहिजे का?"

मुलगी म्हणाली, "बाबा, स्टॉप." सासूबाईंनी हातमोजे काढले. त्यांची घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवले.

मग कामाला लागलो. गॅस सुरू केला, फरनेस पेटवली, बल्ब लावला. पाण्याची मोठी टाकी पलंगाखाली असल्याने तिच्यात कडेला बर्फाचा पापुद्रा होता इतकंच, ती बचावली होती. गोठला होता पंप आणि त्याच्या पुढचा पाइप. नवरा बाहेर बर्फावर जाजम टाकून आडवा झाला आणि कप्प्यात हेअर ड्रायर धरून पाइप शेकू लागला. मी आत नळ उघडा ठेवून उभी राहिले. पंपाचा कप्पा आणि सिंक यांच्यामध्ये पातळ फळी होती, त्यामुळे बाहेरचं बोलणं मला स्पष्ट ऐकू येत होतं.

"दे इकडे, मी धरते," सासूबाईंचा आवाज.

"आई, आत जा. आजारी पडशील."

"धरू दे ना. एवढ्याला तरी हात लावू दे."

ड्रायरचा आवाज चालू होता. त्याने तो त्यांच्या हातात दिला असावा, कारण नंतर तो म्हणाला, "जवळ नको, जरा लांब धर. हां, तसं."

"आई, सॉरी. मी असं बोलायला नको होतं."

"तू खोटं काय बोलला? मला इथे कशालाच हात लावता येत नाही. मी तीन महिने तेच पाहून राहिली."

"शिकशील हळूहळू."

"शिकीन. पण अमरावतीला मला काही शिकावं लागत नाही. सकाळी उठून मी दार उघडते तेव्हा घर उघडतं. मी बंद करते तेव्हा बंद होतं."

"तिथे तू एकटी आहेस."

"आहे ना एकटी. रात्री भीती पण वाटते. पण ते घर माझ्या हातातलं आहे रे."

मग नवरा असं काही बोलला, ज्यातलं पासपोर्टचं त्याने मला कधी सांगितलं नव्हतं.

"मग मी सिटिझन कशाला झालो? तुझ्यासाठीच झालो ना. मला पासपोर्ट परत करताना कसं झालं, तुला माहितीये?"

"माझ्यासाठी झाला? मला विचारलं होतं काय तू?"

त्यात टोमणा नव्हता. त्या खरंच विचारत होत्या. मी सिंकपाशी उभी होते आणि मला बाहेर जाऊन काहीतरी मध्ये बोलावं असं वाटत होतं, पण मी नळ धरून तिथेच थांबले. जो प्रश्न आम्ही सगळ्यांनी थंडीवर ढकलला होता, तो थंडीचा नव्हताच.

पाइपातून आधी खरखर आली, मग बर्फाचे तुकडे, मग पाणी. बाहेर सांध्याला एक चीर पडली होती, तिथून बारीक धार लागली. नवऱ्याने टेप गुंडाळली. "टिकेल?" सासूबाईंनी विचारलं. "घरी जाईपर्यंत," तो म्हणाला.

घरी आल्यावर पुढच्या शनिवारी आम्ही गाडी हिवाळ्यापुरती बंद केली. टाक्या रिकाम्या करायच्या, कॉम्प्रेसरने हवा मारून पाइपांतलं पाणी काढायचं, मग पंपाने सगळीकडे गुलाबी अँटिफ्रीझ फिरवायचं आणि प्रत्येक नळातून गुलाबी येईपर्यंत थांबायचं. नेहमी तो बाहेर पंपापाशी आणि मी आत असे. या वेळी त्याने आईला हाक मारली.

"आई, तू आत उभी राहा. मी सांगतो तसा एकेक नळ उघड. गुलाबी आलं की ओरड."

त्या शाल कमरेला खोचून आत गेल्या. मी ड्राइव्हवेवर उभी होते.

"आलं रे!" सिंकपाशी.

"थंड पाण्याचा झाला, आता गरमचा उघड!"

"आलं! हे तर गुलाबाचं सरबत दिसून राहिलं. प्यायचं नाही ना हे?"

"नाही, आई!"

"मग बरं. शॉवरचं पण आलं!"

त्यांच्या त्या हाकांत मला तीन महिन्यांत न ऐकलेला आवाज ऐकू आला. नवऱ्यालाही आला असणार. सगळं झाल्यावर त्याने पंप बंद केला, हात पुसले आणि माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. आत सासूबाई प्रत्येक नळ पुन्हा घट्ट करत होत्या, त्याचा आवाज येत होता.

"तिचं रिटर्न तिकीट कन्फर्म करून टाक," तो म्हणाला.

"मार्चचं?"

"जानेवारीत मिळतंय का बघ. संक्रांतीला तिला घरी असू दे."

मी मान हलवली. आत जाऊन ट्रॅव्हल एजंटला फोन लावला आणि संक्रांतीच्या आधीचं तिकीट मागितलं. त्यांचे गुडघे लांबच्या प्रवासात आखडतात, म्हणून कडेची सीट सांगितली. नवरा तोवर बाहेरच होता.