तीन पात्यांची कात्री

माझ्या थोरल्या बहिणीकडे तीन पात्यांची कात्री होती. मी तीस वर्षं शिवणकाम केलेली बाई. कात्रीला पाती किती असतात हे मला कुणी शिकवायला नको. पहिल्यांदा पाहिली तेव्हा वाटलं, ताईनं भंगारातून काहीतरी उचलून आणलंय.

ताई रंगीत काचांच्या खिडक्या करायची. जिन्यावरून घसरून तिचं उजवं मनगट मोडलं आणि एका नव्या दवाखान्याची खिडकी अर्धवट राहिली. तिनं मला फोन केला, अकरा वर्षांनी. अकरा वर्षांपूर्वी मी तिला पडदे शिवून दिले होते आणि ती चारचौघांत म्हणाली होती, "शिवण वाकडी गेलीय." ताईच्या जिभेला हाड नाही आणि माझा राग नाकावर. मी जी उठले ती अबोलाच धरला. आता दोघींचीही साठी उलटली होती. या वेळी बिनसलं तर पुन्हा जुळायचं नाही हे मला कळत होतं. म्हणून पिशवी भरतानाच ठरवलं, काहीही झालं तरी भांडायचं नाही.

भांडले नाही, पण नसत्या चौकशा काही सुटल्या नाहीत. खुर्चीत बसून ताई तोंडानं काम सांगायची आणि मी दर वस्तू उलटीपालटी करून बघायची.

"ताई, हे खिळे असे चपटे का गं?"

"घोड्याच्या नालाला ठोकतात ते आहेत. जोडलेली काच हलू नये म्हणून बाजूला ठोकायचे. चपटी बाजू काचेकडे, म्हणजे कड उडत नाही."

"आणि हा कटर कापतो तरी कुठे? नुसता करकरतोय."

"ओरखडाच काढायचा असतो, तोही एकदाच. मग दोन्ही हातांनी वाकवायची, की तुटते. परत फिरवलास तर काच तिच्या मनाला येईल तशी फुटेल."

पहिली निळी काच रेघेवर बरोब्बर तुटली तेव्हा मी लहान मुलीसारखी टाळी वाजवली. ताई हसली. अकरा वर्षांत ते हसू मी पाहिलं नव्हतं, आणि मला फार बरं वाटलं.

घोळ त्याआधीच झाला होता. खिडकीचं चित्र कागदावर काढून त्याचे तुकडे कापायचे आणि तुकड्याबरहुकूम काच कापायची, अशी रीत. पहिल्या दुपारी ताई गोळ्या घेऊन झोपली होती. मी ती तीन पात्यांची कात्री चालवून पाहिली, तर दोन तुकड्यांच्या मधून कागदाची एक बारीक पट्टी कापून निघाली. चिंधीसुद्धा वाया न घालवणारी मी! म्हटलं, कात्री बिघडलीय. पिशवीतली माझी कात्री काढली आणि सगळे तुकडे रेघेवरून सुबक कापले.

नवव्या दिवशी जोडणी सुरू केली. दोन काचांच्या मध्ये दोन्हीकडे खाच असलेली शिशाची पट्टी, परत काच, परत शिसं. चौदा काचांची पहिलीच ओळ लाकडी चौकटीबाहेर आली. मोजलं, तर जवळजवळ दोन सेंटिमीटर जास्त.

मी माझी कात्री ताईपुढे ठेवली आणि सगळं सांगून टाकलं.

"दोन खाचांच्या मधला शिशाचा कणा दोन काचांच्या मधे येतो," ती शांतपणे म्हणाली. "त्याला जागा नको? तेवढी कागदाची पट्टी ती कात्री काढून टाकते."

"मग आता?"

"पकडीनं एकेक काच कडेनं कुरतडायची. दवाखान्याकडून आठ दिवस वाढवून घेतलेत मी."

"कधी?"

"गेल्या आठवड्यात."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"दुसऱ्याच दिवशी कळलं. कचऱ्याच्या टोपलीत एकही पट्टी नव्हती."

"आणि इतके दिवस बोलली नाहीस?"

ताई प्लास्टरवरचे निघालेले धागे उपटत बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "एकदा बोलले होते. अकरा वर्षं घर खायला उठलं. म्हटलं, या वेळी खिडकीलाच सांगू दे."

मला रडू आलं. लपवलं नाही. खुर्ची ओढून बसले, पकड उचलली आणि पहिली काच हातात घेतली.

"आता बोल," मी म्हटलं. "काय काय चुकलंय ते सगळं सांग."

"सगळं?"

"सगळं."

ताईनं आधी माझ्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं. मग ती सुरू झाली. पकड धरायची रीत चुकते, शिसं न ताणताच वापरते, खिळ्याची चपटी बाजू बाहेर ठेवते, शिवाय कामात लक्ष कमी आणि तोंड जास्त. दिवेलागण झाली तरी तिची यादी संपेना. मी काचा कुरतडत ऐकत होते, आणि जागची उठले नाही.