छातीइतकं पाणी

गावाचं नाव नको. गिरणेच्या काठी, भडगावहून बसने पाऊण तासावर, एवढं पुरे. नाव घेतलं की तिथली माणसं भांडायला येतात, आणि भांडणात त्यांचा हात धरणारं अख्ख्या जळगाव जिल्ह्यात कोणी नाही. त्या गावात अगदी नदीला लागून एक गल्ली आहे, तिला काठगल्ली म्हणतात. एकतीस घरं. त्यांतलं सातवं पितांबर कोतवालाचं.

कोतवाल म्हटलं की कोणी मिशीवाला अंमलदार डोळ्यांपुढे आणू नये. तलाठ्याचं दप्तर उचलायचं, साहेब आले की खुर्ची पुसायची, नोटिसा वाटायच्या, नदीला पाणी आलं की गल्लीबोळांतून ओरडत फिरायचं, हे कोतवालाचं काम. पितांबरने ते चौतीस वर्षं केलं. एवढ्या वर्षांत लोकांच्या घरचा चहा सोडला तर कोणाचं काही घेतलं नाही. चहा मात्र इतका घेतला की निवृत्तीनंतर डॉक्टरने साखर बंद केली. त्याची बायको सुनंदाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "चौतीस वरीस सरकारी नोकरी करी, पन घरमा सरकारी खिळा बी ऊना नही." हे कौतुक होतं की तक्रार, ते पितांबरला अजून कळलेलं नाही.

असा माणूस खोटं बोलणार नाही असं तुम्हाला वाटेल. बोलला. एकदाच बोलला, पण इतकं सुबक बोलला की सराईत लबाडांनी शिकवणी लावावी.

पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. गिरणेचं पाणी काठगल्लीत शिरलं आणि दोन दिवस बसून राहिलं. खोल नव्हतं, गुडघाभर. पण मातीच्या भिंतींना गुडघाभरही पुष्कळ होतं. जब्बार पिंजाऱ्याच्या घरात गिऱ्हाइकांच्या गाद्यांचा कापूस होता, त्याचा शेणासारखा काला झाला, आणि त्याची बायको जैनब तो काला मांडीवर घेऊन बसली होती. तलाठी गल्लीच्या तोंडाशीच मोटारसायकलवरून सांगून गेला, "घरात छातीइतकं पाणी आलं असेल तर मदत बसते. गुडघ्याला काही नाही. उद्या पंचनाम्याला येतो."

गावाची रीत अशी, की पूर उतरला की कोतवालाने घरोघर दाराशेजारी गेरूने रेघ ओढायची, पाणी कुठवर आलं त्याची. पंचनामा त्या रेघेवरून व्हायचा. पितांबर गेरूची वाटी घेऊन निघाला, जैनबच्या दारात आला, तिच्याकडे पाहिलं, आणि परत फिरला. गेला तो नवल गवंड्याकडे. त्याच्याकडून पातळी बघायची ती पाणी भरलेली लांब नळी आणली, आणि दुपारभर एकतीस घरं फिरून गुडघ्याची रेघ दोन हात वर चढवली. सगळ्या घरांना एकाच पातळीत! गल्ली उताराची, त्यामुळे वरच्या घरांना रेघ छातीला आली आणि खालच्यांना थेट गळ्याला.

शेवटच्या घरातली पुष्पाबाई ओरडली, "ओ आबा, मन्हा गळालगून पानी येतं तर मी जित्ती र्‍हाती का?"

"साहेब येतील तेव्हा जरा खोकत बस," पितांबर म्हणाला. मग झाडू घेतला आणि रेघेखालच्या सगळ्या भिंतींवर चिखल सारवला.

तलाठ्याने दुसऱ्या दिवशी पाहिलं आणि मान डोलावली. मदत मिळाली. काठगल्लीने पितांबरला डोक्यावर घेतलं. पुढे घरं पक्की झाली, तरी दिवाळीला रंग देताना लोक ती रेघ सोडून रंग द्यायचे. कोणी कोणी गेरूवर तेलरंग चढवला. रेघ देवासारखी झाली. खोटा देव, पण पावलेला.

आता अलीकडच्या दिवसांत या.

पितांबर निवृत्त. त्याची मुलगी कामिनी दोन वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर शिलाई मशीन घेऊन माहेरी आलेली. हात असा की धरणगावच्या लग्नाचे ब्लाउज तिच्याकडे शिवायला येत. पण मशीन चुलीपासून चार पावलांवर, घरातल्या बोळात. नवरीच्या जरीला फोडणीचा वास लागे. घराची पुढची भिंत तेवढी अजून मातीची होती. ती पाडून तिथे गल्लीकडे दार असलेली पक्की खोली बांधायची, बाहेर पाटी लावायची, आपले डोळे मिटायच्या आत पोरीला तिच्या हक्काचा उंबरा करून द्यायचा, एवढीच पितांबरची इच्छा उरली होती. ग्रामपंचायतीची आता नगरपंचायत झाली होती, म्हणून त्याने रीतसर परवानगीचा अर्ज टाकला. बाकीचे आधी बांधतात आणि मग अर्ज करतात. हा पडला जुना सरकारी माणूस.

त्याच उन्हाळ्यात गावाचा विकास आराखडा निघाला. कुठे बांधायचं, कुठे नाही, नदीला किती जागा सोडायची, ते ठरणार होतं. कारण पाऊस आता पूर्वीचा राहिलेला नाही. दोन-दोन महिने तोंड फिरवून बसतो आणि एका दुपारी सगळ्या वर्षाचा राग काढतो. मोजणीला तेजस नावाचा तरुण इंजिनीअर आला. तिपाईवर यंत्र लावून गल्लीत उभा राहिला आणि भिंतींवरच्या रेघा बघून खुळाच झाला.

"आजोबा, अकरा गावं फिरलो मी. इतकी एका पातळीतली पूरखूण कुठेच नाही मिळाली. कोणी केलं हे?"

इथे शहाणा माणूस खोकला असता. पितांबरने छाती काढली. "मीच!" एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण त्याने तेजसला ओट्यावर बसवून चहा पाजला, नवल गवंड्याची नळी कशी धरायची ते करून दाखवलं आणि एकतीसच्या एकतीस रेघा फिरून दाखवल्या. चौतीस वर्षांत इंजिनीअरने कधी शाबासकी दिली नव्हती हो. आत सुनंदाबाई कपाळावर हात मारून कामिनीला म्हणाली, "या माणूसले धड खोटं बी बोलता येस नही, धड गप बी बसता येस नही."

अडीच महिन्यांनी कागद आला. अर्जातील जागा निळ्या पूररेषेच्या आत येत असल्याने बांधकाम परवानगी नाकारण्यात येत आहे. नगरपंचायतीच्या भिंतीवर नकाशा लागला होता. निळ्या रेषेच्या आत नवी वीट चढवायची नाही, आणि अख्खी काठगल्ली रेषेच्या आत होती. गंमत अशी, की तीच रेषा गावाच्या वरच्या अंगाला रतिलालशेठच्या प्लॉटांपाशी नव्या नवरीसारखी अंग चोरून वळली होती. तिथे पूर्वी नदीची मळी होती, पाणी आलं की पसरायचं. शेठने दोन उन्हाळे डंपर लावून तिथे मुरमाचा भराव टाकला होता.

संध्याकाळी गल्ली पितांबरच्या ओट्यावर जमली. पिठाच्या गिरणीवाला लीलाधर पुढारी.

"आबा, रेघ तुम्ही काढी, आते तुम्हीच पुसा. सुनावणी शे गुरुवारी. साहेबले सांगा, पानी गुडघालगून व्हतं, मीच वर चढवं."

"आपण सगळे जाऊ," पितांबर म्हणाला.

लीलाधरने पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. "आमनं नाव कसाले? तुम्ही एकलेच सांगा. तुमना शबद वजनदार शे."

जब्बार खांबाला टेकून सुपारी कातरत होता. "वा रे वा! मदत घ्यायला एकतीस घरं, आणि गुन्हा कबूल करायला एक म्हातारा! लीलाधर, तुझ्या गिरणीत पीठ पण असंच पाडतोस का रे, दळण आमचं आणि पीठ तुझं?"

लोक हसले. पण हसून झाल्यावर कोणी "मीही येतो" म्हणालं नाही. जब्बारही नाही, हे पितांबरने मनात टिपून ठेवलं.

सुनंदाबाई रात्री ताटावर एवढंच बोलली, "चौतीस वरीसनं नाव शे. एक खोलीसाठी घालवशात?" पितांबरने बोळाकडे पाहिलं. कामिनी मशीनवर वाकून काज करत होती. तिने मान वर केली नाही, पण मशीनही चालवलं नाही.

सुनावणीला पितांबर धुतलेला सदरा घालून गेला. सभागृहात नगररचनेच्या ज्योत्स्ना मॅडम लॅपटॉप घेऊन बसल्या होत्या. पहिल्या रांगेत रतिलालशेठ काडीने कान कोरत होते. नाव पुकारल्यावर पितांबर उभा राहिला आणि सवयीने हात मागे बांधून सगळं सांगितलं. गेरू, नळी, चिखल, जैनबच्या मांडीवरचा कापूसही. एकदाही थांबला नाही. मागे कोणीतरी फिसकन हसलं. कारकून लिहून घेत होता.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला. "आजोबा, हे आम्हाला आधीच कळलं होतं. तुमच्या खुणा धरणातून सोडलेल्या पाण्याच्या नोंदीशी जुळत नव्हत्या. त्या आम्ही घेतल्याच नाहीत."

पितांबरला क्षणभर वाटलं, सुटलो. "मग रेषा?"

त्यांनी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. "रेषा पुढच्या पावसाची आहे. आता एका दिवसात पडतो तेवढा पाऊस धरला, धरणाचे दरवाजे एकदम उघडावे लागतील ते धरलं. आणि वरच्या मळीत भराव झालाय, तिथे पसरणारं पाणी आता तुमच्याकडे येणार. तुमच्या रेघेच्याही दीड फूट वर."

"म्हणजे मी छाती सांगितली ती..."

"कमी सांगितली."

पितांबरला खुर्ची दिसत होती, पण बसावं की नाही कळेना. मग त्याच्यातला जुना कोतवाल जागा झाला. "मॅडम, त्या भरावाला परवानगी कोणी दिली?"

काडी कानात थांबली. मॅडमनी कागद चाळले. "तो या सुनावणीचा विषय नाही. काठगल्लीसाठी माळावर पर्यायी जागा ठेवली आहे, अर्ज करा. पुढचं नाव घ्या."

पितांबर चालत गल्लीत आला. लोक वाटच पाहत होते. त्याने जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. पाणी येणार, गळ्याला नाही, डोक्यावरून येणार. माळावर जागा मिळते, चला.

आणि इथे त्याच्या आयुष्याची माती झाली. पूर्वी हाच माणूस नदीकडून ओरडत आला की काठगल्ली चुलीवरची भाकरी टाकून पोरंबाळं उचलायची, एकाने उलट प्रश्न विचारला नव्हता. आज लीलाधर म्हणाला, "आबा, सकाळना सभामा तुम्हीच म्हने, मी खोटा माणूस. आते कोनतं खरं मानवा?"

पुष्पाबाईने विचारलं, "आते किती खोकू, सांगा."

गल्ली पोट धरून हसली. मग हसू आटलं आणि कुजबूज सुरू झाली. जबाब लिहून घेतला म्हणतात, जुनी मदत सरकार परत मागेल. आबाने साहेबाशी संधान बांधलं, माळावरचा मोक्याचा प्लॉट घेतला. खरं तर माळावर मोक्याचं काही नाही. मुरूम, दोन बाभळी आणि वारा. पण कुजबुजीला मोका लागत नाही.

दिवाळीनंतर पितांबर माळावर गेला. एकतीस घरांतला तो एकटाच. तिथे त्याने खोली बांधली, पक्की, दार रस्त्याकडे. कामिनीने पाटी लावली. पण गावापासून तीन किलोमीटर चढून ब्लाउज शिवायला कोण येतं? नळ कागदावर आला होता, मुरमात आला नव्हता. सुनंदाबाई टँकरची वाट बघत घागरी मांडून बसायची. चार महिने कामिनीने खोलीत रोज उदबत्ती लावली, आणि ऐन उन्हाळ्यात धुळ्याला एका कपड्याच्या दुकानात शिवणकामाला गेली. मशीन बसच्या टपावर चढवताना पितांबरने खालून हात दिला. "खोली चांगली शे आबा," ती म्हणाली. तिने मनापासून म्हटलं, म्हणून ते जास्तच लागलं.

आता पावसाळा आहे. कामिनी दर रविवारी धुळ्याहून फोन करते, आणि आधी आईची तब्येत न विचारता विचारते, "गल्लीत पाणी आलं का?"

"नाही," पितांबर सांगतो.

फोन ठेवला की माळाच्या टोकाला येऊन उभा राहतो. तिथून गिरणा दिसते, काठगल्लीचे पत्रे दिसतात. वरच्या अंगाला ढग काळे झाले की त्याचा पाय तिथून निघत नाही. ते भय आहे असं तो सुनंदाबाईला सांगतो. भय नाही ते. एकदाच येऊ दे, असं त्याला वाटतं. एकदा येऊ दे, म्हणजे कळेल त्यांना. एवढं मनात आलं की तो स्वतःच्या तोंडात मारल्यासारखा गाल चोळतो, घाईघाईने फोन काढतो आणि जब्बारला लावतो. चाळीस वर्षांचा दोस्त. त्याचं घर गल्लीच्या खालच्या टोकाला, पुष्पाबाईच्या अलीकडे.

"जब्बार, आज माळावर ये झोपायला. जैनबला घेऊन ये. ढग बघ."

"बघितले," जब्बार म्हणतो. "गादी भरायची आहे एक, उद्या द्यायचीय. परवा येतो."

मागे कापूस पिंजल्याचा आवाज येत असतो. पितांबर तो ऐकत फोन कानाला धरून ठेवतो, जब्बारने ठेवून दिला तरी.