बरं चाललंय म्हटलं, म्हणून

"तुम्ही लोकं उसाच्या फडात बाळंत होत होता की गं म्हातारे. आता दवाखान्याचं एवढं कौतिक कशाला?"

साहेब असं बोलला आणि पंचायतीची खोली हसली. खुर्च्यांवरची हसली, दारातली हसली. आमच्या बौद्ध गल्लीतल्या आम्ही बायका चपलांजवळ खाली बसलेल्या. शेजारी माझी सून, सुमन. तिचं मूल जाऊन अठरा दिवस झालते. दूध अजून आटलं नव्हतं. पोलकं पुढनं ओलं, त्यावर पदर घट्ट धरलेला.

मुळापासनं सांगते. गेल्या साली एक सर्वेवाली बाई आलती. गावच्या दवाखान्यातली बाळंतपणाची खोली बंद करून सगळं तालुक्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं, त्यावर लोकांचं म्हणणं लिहून घ्यायला. पण तिनं इचारलं एवढंच, "कसं चाललंय आज्जी? काय तरास?"

मी पाणी दिलं. तिनं तांब्याला हात लावला न्हाय. तरीबी मी म्हटलं, "बरं चाललंय बाई." दारात आलेल्या माणसापुढं आपलं रडगाणं गायचं न्हाय, ही आमची रीत. आईनं शिकवलेली. अख्ख्या गल्लीनं तसंच सांगितलं. तिनं तसंच लिहिलं, कुणाला कसला तरास न्हाय. महिन्याभरात खोलीला कुलूप.

सुमनला भर दुपारी कळा आल्या. रिक्षा उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत अडकली. रस्त्याकडंला, लुगड्याच्या आडोशाला मी तिला मोकळी केली. पोरगा होता. निळा. पाठ चोळली, तोंडात बोट घालून साफ केलं, फुंकलं. रडला न्हाय. आणि कुलूप घातलेली ती खोली आमच्या घरापासनं हाकेवर, बरं का.

आता साहेब तपासाय आलता, खोली बंद केल्यानं गावाच्या तब्येतीवर काय परिणाम झाला ते. मी उठून नातवाचं सांगितलं. तर उत्तर ते मिळालं. फडाचं.

मग त्यानं कागद सरकवला. माझा अंगठा धरून शाईच्या डबीत दाबला. इचारलंबी न्हाय. मी हात ओढला. "मला वाचाय येतंय," म्हटलं. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत, रद्दीच्या कागदावर बोट फिरवत शिकलेली मी.

"मग वाच की."

कागद कानडीत. आमचं गाव कर्नाटकात, सरकारी कागद सगळे कानडीत. बोलाय येतंय मला कानडी, अक्षर येत न्हाय. परत हशा.

सुमननं कागद घेतला. कानडी शाळेत दहावी झालेली ती. उभी राहिली. पदर सुटला, तसाच सुटू दिला. मोठ्यानं, मराठीत करून वाचलं, "बाळंतपणाला कुणालाही अडचण आलेली नाही."

आता कुणी हसलं न्हाय.

टेबलावरचा पेन घेऊन मी त्या ओळीवर काट मारली. खाली लिहिलं, आमचं बाळ रस्त्यावर मेलं.

"मराठीत लिहिलेलं चालत न्हाय इथं," साहेब बोलला.

"न्हाय चालत तर फाडा. सगळ्यांसमोर फाडा."

त्यानं फाडला. चार तुकडे. मी उचलले न्हाईत.

घरी येऊन वही काढली. तवापासनं घरोघर जाते. कोण कुठं बाळंत झाली, कोण वाटंत अडकली, सगळं इचारते. मी सांगते, सुमन कानडीत लिहिते. आणि उठताना प्रत्येकीला बजावते, कागद घेऊन कुणी आलं तर बरं चाललंय म्हणायचं न्हाय.

परवा नवी सर्वेवाली आली. "कसं चाललंय आज्जी?"

"बस," म्हटलं. "आमचं बाळ रस्त्यावर मेलं. हे आधी लिही. पाणी मग देते."